झाकलेल्या काचपेटीला गाळणी कोणती?



आजचे माझे भाषण म्हणजे चौथीतल्या एका मुलीच्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे. प्रश्न साधा होता. ‘सर, पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं. मग मासे मेले कसे?’

हकीकत अशी की, माझा एक जुना विद्यार्थी सह्याद्रीच्या पायथ्याशी एका लहान गावात प्राथमिक शिक्षक आहे. मी शिकवतो भूगोल. मासे पाळणे हा माझा घरचा छंद. कॉलेजात असताना तो माझ्याकडे येई, तेव्हा पुस्तकांपेक्षा त्याचे लक्ष खिडकीजवळच्या काचपेटीकडेच अधिक असे. गेल्या वर्षी त्याने आपल्या शाळेत तशीच एक पेटी बसवली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. वर्गणी मुलांनी आणि पालकांनी जमवली. गावच्या सुताराने वर घट्ट बसणारे फळ्यांचे झाकण करून दिले. कारण शाळेत मांजर येते, खडूची धूळ उडते आणि मुलांचे हात तर कुठेही पोचतात. तालुक्याच्या गावाहून पाण्यात बुडवून ठेवायचा विजेचा फिल्टर आणला आणि एक डझन मासे आणले. मग त्याने मला फोन केला, ‘सर, निगा काय ठेवू?’ मी घाईत होतो. म्हणालो, ‘काही नाही रे, दर शनिवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुऊन टाक, म्हणजे झालं.’

तिसऱ्या सोमवारी शाळा उघडली, तेव्हा दहा मासे पाण्यावर उताणे तरंगत होते. उरलेले दोन दुपारपर्यंत गेले.

मुलांनी निवाडाही लगेच करून टाकला. तिसरीतल्या एका मुलाने शुक्रवारी झाकणाचा कोपरा उचलून पेटीत बिस्किटाचा चुरा टाकला होता. ते सर्वांनी पाहिले होते. ‘ह्यानंच मारले!’ त्या दिवसापासून ते पोर पेटी होती त्या भिंतीकडे फिरकेना. मधल्या सुट्टीतही एकटेच बसू लागले. काही आठवड्यांनी मी त्या शाळेत गेलो, तेव्हा रिकामी पेटी तशीच होती, आणि त्या मुलीने मला तो प्रश्न विचारला. मी सगळे नीट विचारून घेतले आणि माझ्या ध्यानात आले, की मासे बिस्किटाने मेले नव्हते. ते मेले होते मोठ्या माणसांच्या चुकांनी, आणि त्यातली पहिली चूक माझी होती.

तेव्हा आज आपण असे पाहू, की झाकण असलेल्या काचपेटीला फिल्टर कोणता घ्यावा आणि तो का घ्यावा. ‘का’ हे आधी कळले, तर ‘कोणता’ हे दुकानदाराला विचारावे लागत नाही.

फिल्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चहाची गाळणी येते. चोथा वर राहतो, चहा खाली उतरतो. माशांच्या पेटीतला फिल्टर हे काम करतो खरे; पण ते त्याचे सर्वांत हलके काम. डोळ्यांना दिसणारी घाण माशाला फारशी मारत नाही. मारते ती न दिसणारी घाण. मासा अन्न खातो, आणि त्याच्या शरीरातला नको असलेला नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात जातो. उरलेले खाणे कुजले, की त्यातूनही अमोनियाच होतो. नदीत किंवा तळ्यात तो एवढ्या पाण्यात विरून जातो. पेटीत तो जाणार कुठे? पाणी काचेसारखे निवळ दिसते आणि त्यातच माशाचे कल्ले पोळत असतात. मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे झाले.

आता शेतकरी बांधवांना ही गोष्ट वेगळ्या वेषात ठाऊक आहे. आपण शेतात शेणखत घालतो, युरिया टाकतो. त्याचा जमिनीत अमोनिया होतो आणि मग मातीतले सूक्ष्म जिवाणू त्याचे नायट्रेट बनवतात. पिकाच्या मुळ्या बराचसा नत्र ह्या नायट्रेटच्या रूपात उचलतात. हे काम दोन टप्प्यांत चालते. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही माशाला घातकच असते. ते रक्तात शिरले की रक्त तपकिरी होते आणि प्राणवायू वाहून नेईनासे होते. नायट्रेट मात्र त्या मानाने निरुपद्रवी. शेतातल्या मातीत जे जिवाणू राबतात, त्यांचेच भाऊबंद काचपेटीतही राबत असतात. त्यांना बसायला जागा हवी, खायला अमोनिया हवा आणि श्वासाला प्राणवायू हवा. फिल्टर म्हणजे ह्या जिवाणूंची वस्ती. त्यातला स्पंज हा चोथा अडवणारा कपडा नव्हे, ती ह्या अदृश्य गड्यांची चाळ आहे.

हे माणसाला कळले कसे, तेही सांगण्याजोगे आहे. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्स ह्या दोन शास्त्रज्ञांनी एका नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि तिच्यातून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले काही दिवस जसा अमोनिया वरून जाई, तसाच खालून निघे. सुमारे २० दिवस गेले आणि खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडले! वाळू तीच, चुनखडी तीच, पाणी तेच. म्हणजे काम करणारे कोणी तरी सजीव होते आणि ते आता थांबले होते. पुढे नळी स्वच्छ करून तिच्यात थोडे मातीचे पाणी घातले, तेव्हा काम पुन्हा सुरू झाले. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे काढून दाखवले.

शिक्षक मित्रांनो, ह्या एका प्रयोगात आपल्याला हवे ते सारे आले आहे. २० दिवस का लागले? जिवाणूंची वस्ती वाढायला वेळ लागतो म्हणून. नव्या काचपेटीलाही असाच तीन ते सहा आठवड्यांचा काळ लागतो. आमच्या शाळेने पहिल्याच दिवशी बारा मासे सोडले; जेवणारे बारा आणि स्वयंपाकघरात चूल पेटलेली नाही, अशातली ती गत. आणि क्लोरोफॉर्म? तो शास्त्रज्ञांनी मुद्दाम सोडला होता. आम्ही न कळत दर शनिवारी सोडत होतो. ग्रामपंचायत नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर घालते. रोगजंतू मरावेत म्हणून घालते आणि ते योग्यच आहे. पण त्यातल्या क्लोरिनला रोगजंतू कोणते आणि आपले गडी कोणते, हे कळत नाही. नळाखाली खळखळून धुतलेला तो पांढराशुभ्र स्पंज म्हणजे दर शनिवारी उठवलेली वस्ती होती, आणि तसे करायला मीच सांगितले होते.

आता झाकणाकडे वळू. झाकण असावे की नसावे? असावे, असेच मी म्हणेन. मासे उडी मारून बाहेर पडतात. सकाळी जमिनीवर वाळलेला मासा सापडणे, हा अनुभव छंद करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येतो. शिवाय मांजर, पाल, धूळ आणि डास ह्यांच्यापासून पेटी वाचते. उन्हाळ्यात पाणीही कमी उडते. पण झाकण घातले, की फिल्टरवर एक जादा जबाबदारी येते. पाण्यात प्राणवायू येतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. बुडबुड्यांतून फार थोडा. पृष्ठभाग हलता असेल तर हवा आणि पाणी ह्यांची देवाणघेवाण चांगली होते. निश्चल असेल तर मंदावते. त्यात आपला प्रदेश उष्ण. वीस अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांना तोच साडेसातवर येतो. वर घट्ट झाकण, आत दिवा, खाली संथ पाणी, ही माशाच्या दृष्टीने खिडक्या बंद केलेली खोलीच होय.

आमच्या शाळेतला फिल्टर तळाजवळ बसवलेला होता आणि त्याचा झोत खालच्या खालीच फिरे. वरचे पाणी स्तब्ध. पण ह्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. शाळा सुटताना विजेचे मुख्य बटण बंद करायचे, हा शाळेचा जुना आणि शहाणपणाचा नियम. म्हणजे फिल्टर रोज रात्री बंद. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की तो सोमवारपर्यंत बंद. स्पंज प्लॅस्टिकच्या बंद डबीत. डबीतल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो आणि धुण्यातून वाचलेले जिवाणूही गुदमरतात. आता सांगा, त्या पोराच्या चिमूटभर बिस्किटाचा दोष किती? बिस्किटाने पाणी बिघडते, ते टाकू नयेच. पण चालत्या पेटीने ते पचवले असते.

तर मग बाजारात जे प्रकार मिळतात, ते झाकणाच्या पेटीच्या हिशेबाने एकेक पाहू.

पहिला, काचेच्या कडेवर बाहेरून अडकवायचा फिल्टर. काम चांगले करतो, पाणी वरून धबधब्यासारखे पडते, स्पंज काढायला सोपा. पण तो काठावर बसतो, म्हणजे झाकणाला मागे तेवढी खाच पाडावी लागते. विकत घेण्यापूर्वी फूटपट्टी घेऊन खाचेची रुंदी मोजा. नाही तर झाकण तिरके राहते, आणि तिरके झाकण मांजराला आमंत्रण असते.

दुसरा, झाकणाच्या जागी वर ठेवायची लांबट पेटी. पंप पाणी वर चढवतो, ते पेटीतल्या कापसातून, खड्यांतून झिरपून खाली पडते. श्लोझिंगच्या नळीचाच हा वंशज, आणि त्यात प्राणवायू भरपूर मिळतो. पण झाकण त्याच्या मापाने केलेले हवे. अर्ध्या भागावर फिल्टर, अर्ध्यावर झाकण, असे.

तिसरा, पेटीखाली कपाटात ठेवायचा बंद डबा. झाकणातून फक्त दोन नळ्या आत जातात, म्हणून झाकणाला हा सर्वांत सोयीचा. मोठ्या पेटीला उत्तम. परंतु किंमत जास्त, आणि वीज बराच वेळ गेली तर वर सांगितलेला गुदमरण्याचा धोका ह्यात सर्वांत मोठा. चार-सहा तासांनी वीज आली आणि डबा आपोआप सुरू झाला, तर आतले कुजके पाणी सरळ माशांच्या अंगावर येते. वीज वारंवार जाणाऱ्या गावाने ह्याच्या वाटेला जाऊ नये.

चौथा, पाण्यात बुडवून ठेवायचा विजेचा फिल्टर, शाळेत होता तो. वाईट नाही. पण त्याचे तोंड पृष्ठभागाजवळ आणावे, म्हणजे वर लाटा उठत राहतात. झोत जोराचा असेल तर लांब शेपटीच्या संथ माशांची फरफट होते आणि गप्पीची पिल्ले आत ओढली जातात, हेही लक्षात ठेवावे.

पाचवा, रेतीखाली बसवायची जाळी. पूर्वी ही पुष्कळ वापरीत. पाणी रेतीतून खाली खेचले जाते आणि सारी रेतीच फिल्टर बनते. युक्ती छान आहे; पण कालांतराने जाळीखाली गाळ साचतो आणि तो काढायला सगळी पेटी उपसावी लागते.

सहावा आणि शेवटचा, दिसायला सर्वांत गरीब: स्पंजचा फिल्टर. एक स्पंजचा गोळा, त्यात उभी नळी, आणि बाहेर हवा भरणारा लहान पंप. हवेचे बुडबुडे नळीतून वर चढतात. हवा मिसळलेले नळीतले पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होते, म्हणून ते वर चढते आणि त्याच्या जागी स्पंजमधून नवे पाणी ओढले जाते. ज्यांच्याकडे कूपनलिकेतून कॉम्प्रेसरने पाणी काढतात, त्यांना ही युक्ती नवी नाही. झाकणातून फक्त करंगळीएवढी नळी जाते, त्यासाठी एक भोक पुरते. बुडबुडे वर येऊन फुटतात, त्यामुळे पृष्ठभाग सतत हलता राहतो. पिल्ले ओढली जात नाहीत. वीज गेली, तरी स्पंज उघड्या पाण्यात असतो, डबीत कोंडलेला नसतो. म्हणून जिवाणू कितीतरी अधिक वेळ तग धरतात. आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मिळतो, तो त्याच नळीला जोडता येतो. दोन-अडीच फुटांपर्यंतच्या, झाकणाच्या, घरच्या किंवा शाळेच्या पेटीला माझी शिफारस ह्याचीच. त्याचा एकच दोष, तो जरा गुरगुरतो. निजायच्या खोलीत ते काहींना खपत नाही. वर्गात पस्तीस मुलांपुढे कोणाला ऐकू येणार?

विजेचा फिल्टर घ्यायचाच असेल, तर थोडे गणित करा. हे गणित पाचवी-सहावीच्या मुलांना फळ्यावर घालून द्यावे. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. गुणाकार ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. रेती आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी सुमारे ४५ लिटर. तासाला चार-पाच वेळा पाणी फिरावे, असा ठोकताळा आहे. म्हणजे तासाला सुमारे २०० लिटर. खोक्यावर छापलेला आकडा मात्र रिकाम्या पंपाचा असतो. स्पंज बसवला, त्यात गाळ भरला, की तो उतरतो. खरा आकडा काढायचा, तर फिल्टरचे पाणी लिटरच्या मापात धरा आणि घड्याळ पाहा. २० सेकंदांत माप भरले, तर मिनिटाला ३ लिटर, तासाला १८०. ठीक आहे.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, किंवा नळीत एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप बसवा. नाही तर वीज जाताच पाणी नळीतून उलटे पंपात आणि जमिनीवर येते. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमतात, तेव्हा तिथे उघडी तार किंवा दिव्याचा साधा होल्डर नको. प्रत्येक तारेला बटणाच्या खाली थोडा झोळ राहू द्या, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी झोळातून खाली टपकेल, बटणात जाणार नाही. पेटीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करा. झाकणाला मागच्या कोपऱ्यात दोन-तीन बोटे फट ठेवा आणि तिच्यावर जाळी मारा.

स्पंज कसा धुवावा? पेटीतलेच पाणी बादलीत काढा, त्यात स्पंज दोन-तीनदा दाबा आणि परत बसवा. तो काळपट राहील, राहू द्या. दोन स्पंज असतील तर एकाच दिवशी दोन्ही धुऊ नका. दर आठवड्याला पेटीतले पाव पाणी काढा आणि तेवढे नवे घाला. कारण नायट्रेट कोणताच जिवाणू तिथे संपवत नाही, ते साचत जाते. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले, तर त्यातला क्लोरिन बहुतांशी उडून जातो. काढलेले पाणी मात्र फेकू नका, ते शाळेच्या परसबागेत घाला. वांगी-मिरची आनंदाने घेतील. खत, पाणी, मासा आणि भाजी, हा सगळा एकच धडा आहे, आणि तो मुलांना काचेतून दिसतो. आणखी एक: मासे नकोसे झाले, तर ते ओढ्यात, विहिरीत सोडू नका. बाहेरून आलेले मासे तिथल्या माशांच्या तोंडचा घास घेतात.

आता त्या शाळेची गोष्ट पुरी करतो. दुसऱ्या खेपेला जाताना मी माझ्या घरच्या पेटीतला तीन वर्षे चाललेला एक स्पंज पेटीच्याच पाण्यात बुडवून, डब्यात घालून नेला. काळा, बुळबुळीत. डबा उघडताच मुलांनी नाके दाबली. ‘सर, ही घाण कशाला?’ मी म्हणालो, ‘ही घाण नाही, ही वस्ती आहे. हिच्यामुळे तुमचे २० दिवस वाचतील.’ मग सगळ्या वर्गापुढे मी सांगितले, की मागचे मासे बिस्किटाने मेले नाहीत. नळाखाली स्पंज धुवायला मी सांगितले होते, ती चूक माझी. वर्ग गप्प झाला. मोठा माणूस ‘चूक माझी’ म्हणतो, हे मुलांना बहुधा नवीन असते. ते पोर मागच्या ओळीत खाली मान घालून बसले होते. त्याला मी पुढे बोलावले आणि तो स्पंज त्याच्या हातात दिला. त्याने तो पेटीत ठेवला, नळी जोडली, आणि बुडबुडे वर येऊ लागले.

गावच्या वायरमनने पेटीसाठी मुख्य बटणाच्या अलीकडून एक वेगळी, सुरक्षित जोडणी दिली आहे. सुताराने झाकणाला फट पाडून जाळी मारली. पहिल्या महिन्यात तीनच मासे सोडले. आता आठ आहेत, आणि गप्पींनी त्यात भर घालायला सुरुवात केली आहे. स्पंज धुण्याचे काम त्या मुलाकडे आहे; तो ते बादलीतल्या पाण्यातच करतो आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही, अशी गुरुजींची तक्रार आहे.

श्रोते हो, आपल्या घरी काचपेटी असेल किंवा आणायचा विचार असेल, तर आधी झाकण पाहा, मग वीज किती वेळ असते ते पाहा, आणि मग फिल्टर निवडा. पाणी निवळ आहे एवढ्यावर मात्र समाधान मानू नका. आणि घरातल्या लहान मुलाने ‘मग मासे मेले कसे?’ असे विचारले, तर उत्तर शोधण्याआधी कोणावर ठपका ठेवू नका.